दरवाज्यावरची मात्रा

आमच्या घरासमोरच्या टिनाच्या शेडखाली एक मोटार सात वर्षं उभी होती. वरठीत आमचं घर कुणी विचारलं तर लोक हात लांब करून सांगत, "ते भोंग्याची गाडी उभी आहे ना, तेच." भोंगे केव्हाच उतरवून खाटेखाली ठेवले होते, टायर जमिनीत बसले होते, नोंदणीची मुदत संपली होती. तरी ती गाडी भोंग्याचीच राहिली.

बाबा इथल्या कारखान्यात कामगार होते. ड्युटी सुटली की सभा. त्यांनी आणि त्यांच्या तीन सोबत्यांनी मिळून ती गाडी घेतली तेव्हा ती आधीच म्हातारी होती. कुणा साहेबाच्या दिमतीतून निघालेली, गोल पाठीची, पांढरी. तिच्या टपावर बांबूची चौकट बांधून दोन भोंगे चढवले, एकाचं तोंड पुढं, एकाचं मागं. मग ती गावोगाव फिरली. रेशनसाठी, मजुरीसाठी, वसतिगृहासाठी, तळ्याच्या पाण्यासाठी. मी मागच्या सीटवर बसून खिडकीतून पत्रकं उडवायचे. मी पत्रकांवर वाढले असं सांगते तेव्हा लोकांना ते बोलण्याचं वळण वाटतं. मी खरोखर पत्रकांच्या गठ्ठ्यांवर झोपलेली आहे. उरलेल्या पत्रकांची कोरी बाजू हीच माझी वही होती. अ अननसाचा शिकण्याआधी मी ज जाहीरचा आणि न निषेधाचा शिकले.

नऊ-दहा वर्षांची झाले तेव्हापासून पत्रकाचं प्रूफ माझ्याकडे येऊ लागलं. बाबांचा नियम एकच होता. "शुद्ध पायजे. एक वेलांटी चुकली तं साहेब मजकूर वाचत नाही, वेलांटीवर हसते." हा नियम मी फारच मनावर घेतला. शाळेच्या फळ्यावरचा सुविचार, किराणा दुकानाची पाटी, विहारातली वर्गणीची सूचना, कुणाचीच मी गय केली नाही. खिडक्यांना लावून उरलेल्या रंगाचा डबा हाताशी होता, तेव्हा आमच्या गाडीचे दरवाजेसुद्धा सोडले नाहीत.

बाराव्या वर्षी मी पहिलं पत्रक स्वतः लिहिलं आणि तांदळाच्या कोठीवर चिकटवलं. मथळा होता, ‘घरातील श्रमाचे काय?’ पहिली मागणी, घरातल्या पुरुषाने जेवलेले ताट स्वतः धुवावे. बाबांनी ते उभ्यानं वाचलं आणि त्या दिवसापासून आजपर्यंत ते आपलं ताट धुतात. आईनं चुलीजवळूनच विचारलं होतं, "काय लिवलं आहे वं त्याच्यात? वाचून दाखव." तिचे हात पिठाचे होते, म्हणून मी वाचून दाखवलं. आईला वाचायचा कंटाळा आहे असं मी तेव्हाही धरून चालले होते.

ती मोटार हलवायची वेळ आली ती आईमुळं. वस्तीतल्या बायांच्या बचत गटाला पिठाची चक्की मिळणार होती आणि ती चालवायला आईचं नाव ठरलं होतं. अट एवढीच की जागा रस्त्याला लागून हवी आणि वर छप्पर हवं. आमच्याकडे अशी जागा एकच, आणि तिथं गाडी उभी. धानाची कापणी उरकेपर्यंत जागा मोकळी करून दाखवली नाही तर चक्की यादीतल्या पुढच्या बाईकडे जाणार होती. भंगारवाला न्यायला तयार होता. गाडी बाबांच्या नावावर होती, त्यांची सही तेवढी हवी होती, आणि ती काही होत नव्हती. ते नाही म्हणायचे नाहीत. फक्त पेन सापडायचा नाही.

"सात वर्सांपासून चालत नाही ते गाडी," आई म्हणायची, "पन तिच्यासाठी छप्पर आहे. मी चालून राहिली तं मले जागा नाही."

माझी बाजू अर्थातच आईची होती. बाईच्या हाताला तिचं स्वतःचं काम मिळत असताना लोखंड आडवं येत असेल तर लोखंड हलवलं पाहिजे, यात चर्चेला जागा नव्हती. तसं मी बाबांना बोलूनही दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भाषण चांगलं झालं."

त्याच सुमारास मी नागपूरची खोली सोडून घरी आले होते. सामानात एक खोका होता. खोलीतल्या मैत्रिणीनं हौसेनं मागवलेला आणि न उघडताच मला देऊन टाकलेला. आत प्लास्टिकचे सुटे भाग होते, जोडून वीतभर मोटार बनवायची. जुनी परदेशी गाडी, खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाची. एरवी असल्या छंदाबद्दल माझं मत पत्रकातल्यासारखंच कडक होतं. ज्यांना पोटाची काळजी नाही त्यांचे हे खेळ. पण फुकट आलं होतं, तत्त्वाला धक्का नव्हता. आणि खरं सांगायचं तर पत्रकांतून सुरू झालेलं माझं लिहिणं अडलं होतं. ओसरीवर चौरंग मांडून मी प्लास्टिकच्या चौकटीला चिकटून आलेले भाग पकडीनं कापायला घेतले.

बाबा येऊन बसले. बराच वेळ पाहत राहिले.

"हे काय करून राहिली?"

"गाडी जोडून राहिली."

"कोनाची?"

"कोनाची नाही. बाहेरच्या देशातली आहे."

"कोनाचीच नाही तं बनवतं कायले? बनवाची तं आपली बनव."

आतून आईचा आवाज आला, "हो, बनव आपली. लहानी घरात ठेव अन् मोठी भंगारात धाड."

बाबांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं हेही हसण्यावारी जाईल. पण ते म्हणाले, "बनव. जशी होती तशी. मले ओळखू आली तं सही करतो."

आईनं दारात येऊन विचारलं, "तोंडानं बोलून राहिले का जबान देऊन राहिले?"

"जबान."

अशी माझ्या चौरंगावर आईची चक्की येऊन बसली.

ते दिवस मला शांत आठवतात. सकाळी आठ ते अकरा काम करायचं, कारण रंग ओळखायला उजेड लागतो. बाबा शेडखाली टेप लावून खऱ्या गाडीची मापं घ्यायचे आणि मोठ्यानं सांगायचे, मी चोवीसनं भागायचे. त्या परदेशी गाडीच्या शेपटीला दोन्ही बाजूंनी माशासारखे पंख होते. ते मी बारीक करवतीनं कापले, भोकं पुट्टीनं बुजवली आणि पाणी लावून लावून पॉलिशपेपरनं पाठ गोल केली. पंख कापताना मी बाबांना म्हटलं, "पाहा, साम्राज्याचे पंख छाटले." ते म्हणाले, "पत्रक नको वाचू. घास. डाव्या बाजूनं अजून जाड आहे."

भोंग्याचं तोंड सोळा इंचांचं होतं. भागाकार करून पाहिला तर टूथपेस्टचं झाकण बरोबर बसत होतं. दोन झाकणं आतून घासून कागदासारखी पातळ केली. सुट्या भागांच्या चौकटीचं उरलेलं प्लास्टिक मेणबत्तीवर धरून ओढलं की केसासारखी तार निघते. तिची एरियल आणि भोंग्यांची वायर झाली. टपावरची चौकट बाबांनी खऱ्या बांबूची करून दिली, ब्लेडनं सोलून काडीहून बारीक. ती मी मेण लावलेल्या दोऱ्यानं बांधली. गाठ मारायला चिमटा लागायचा आणि गाठ कशी होती ते बाबांना पाठ होतं. "दोन आडव्या, एक उभी. मागचा भोंगा जरासा खाली मान घालून होता." मी त्याची मान खाली घातली.

रंगानं खूप दिवस खाल्ले. गाडी पांढरी होती असं आपण म्हणतो, पण आमच्याकडे पांढऱ्याचेही प्रकार आहेत. नव्या तांदळाचा पांढरा वेगळा, जुन्याचा वेगळा. ही गाडी जुन्या तांदळाची होती. पांढऱ्यात पिवळ्याचा एक थेंब, मग तपकिरीचं टोक, असं करत पाच वेळा चुकून सहाव्यांदा ते जमलं. डाव्या बाजूचं मागचं दार निळं होतं, दुसऱ्या कुठल्या तरी मेलेल्या गाडीचं आणून बसवलेलं. मागचा बंपर आत दबलेला होता. तुमसरच्या बाजारात धानाच्या पोत्यांनी भरलेल्या बैलबंडीनं तो ठोकला होता. मी बंपर मेणबत्तीच्या धगीवर किंचित धरून नखानं दाबला. बाबा खुश झाले. "असाच! बंडीवाला वरून मलेच बोलला होता, दिसत नाही का गा म्हणे."

सगळ्यात शेवटी धूळ लावायची असते. नवी कोरी गाडी खेळणं वाटते, धूळ बसली की ती कुठून तरी आल्यासारखी दिसते. मी खऱ्या गाडीच्या चाकांवरच्या खोबणीत वाळून बसलेला चिखल खरवडला, कुटला, आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळला आणि ब्रशनं छोट्या गाडीच्या पोटाशी भरला. बाबांनी ती पूड चिमटीत घेऊन पाहिली. "कोनत्या गावची माती असन हे?"

"आता काय सांगता येते, बाबा."

"तिथं सभा झाली असन," ते म्हणाले.

पुढच्या दोन्ही दरवाज्यांवर काळ्या रंगात अक्षरं होती, ‘सभेला या’. खरी अक्षरं चार बोटं उंच. छोटी तीन मिलिमीटर. ती मी श्वास रोखून लिहिली. मागच्या सीटवर ठेवायला एका जुन्या गुलाबी पत्रकाचे नखाएवढे तुकडे कापून गठ्ठाही केला.

धानाची कापणी सुरू झाली होती. कारखान्यातून सुटलेल्या सायकली आणि मोटारसायकली घरासमोरून जायच्या, त्यांच्यात आता धानाचे भारे घेतलेल्या बंड्याही मिसळल्या. गटाच्या अध्यक्षबाई एक चक्कर मारून गेल्या. शेडकडे पाहून आईला म्हणाल्या, "जागा दाखवून राहिली का गाडी दाखवून राहिली?" आई म्हणाली, "आठ दिवस थांबा जी. लहान गाडी बनून राहिली, ते झाली का मोठी जाते." अध्यक्षबाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की मी चौरंग आत घेतला.

गाडी बाबांच्या हातात दिली त्या दिवशी त्यांनी पेपर वाचायचं भिंग आणलं. उन्हात बसून पुढून सुरुवात केली. दिवे, टप, दोऱ्याच्या गाठी, मान खाली घातलेला भोंगा. निळं दार पाहून हसले. बंपरवरून अंगठा फिरवला. मागच्या काचेतून पत्रकांचा गठ्ठा पाहिला. मग भिंग पुढच्या दरवाज्यावर आणलं आणि तिथं थांबले. गाडी वळवून दुसऱ्या बाजूचा दरवाजा पाहिला. नंतर भिंग खाली ठेवलं.

"चांगली बनवली. लयच चांगली."

"मंग?"

"पन हे माही गाडी नाही."

"काय चुकलं ते सांगा ना."

"चुकलं काहीच नाही," ते म्हणाले आणि गाडी चौरंगावर ठेवून ताट धुवायला गेले.

आई दारातच उभी होती. ती आत वळली. काही बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढचा आठवडा मी चुका शोधण्यात घालवला. सगळी मापं परत घेतली. निळ्याचा निळा फिका केला. भोंग्याची मान अजून अर्धा दोरा खाली घेतली. चाकांच्या वाट्या काढून परत बसवल्या. प्रूफ तपासताना मला कधी असं झालं नव्हतं. चूक आहे हे माहीत असावं आणि ती सापडू नये! बाबांना विचारलं की ते एकच सांगत, "राहू दे. मेहनत लय घेतली तू." अध्यक्षबाईंचा निरोप आला की परवा त्या पुढच्या बाईकडची जागा पाहायला जाणार.

मला वाटलं, अक्षरांचं वळण चुकलं असेल. दरवाजे ज्या पेंटरकाकांनी रंगवले होते ते जवळच्या शहापूरला राहतात. गाडी बुटाच्या खोक्यात कापूस घालून ठेवली आणि स्कूटीवरून त्यांच्याकडे गेले. फ्लेक्स आल्यापासून त्यांचं काम जवळजवळ बंद आहे, पण ब्रश अजून टिनाच्या डब्यात तेल लावून ठेवलेले असतात. त्यांनी खोका उघडला, गाडी तळहातावर घेतली आणि आधी टपाला हात लावला.

"अरे बाप्पा! हे तं आपली भोंग्याची. कोनं बनवली?"

"मी, काका."

"अन् हे अक्षर?"

"तेही मीच. त्याच्यासाठीच आली जी. वळण चुकलं का पाहा. बाबा म्हणतात, गाडी त्यांची नाही."

त्यांनी दरवाजा डोळ्याजवळ नेला. "हात तुहा चांगला आहे वं बाई. माह्यापेक्षा स्थिर आहे. पन मातरा कुठी गेली?"

"कोनती मात्रा?"

"लच्या डोक्यावरची! मी ‘सभेले या’ लिवलं होतं. दोन्ही दारावर. हे ‘सभेला’ कोनं केलं?"

मी खोक्यातला कापूस सारखा करू लागले.

"मी तुह्या बापाले म्हटलं होतं," ते सांगत होते, "भाऊ, ‘सभेला’ लिवू दे, नाही तं लोक माह्या हाताले हसतीन, पेंटरले लिवता येत नाही म्हनतीन. तं त्यानं माहा ब्रशच धरला. म्हने, जसं बोलतो तसंच लिव."

मला तो दिवस एकदम स्वच्छ दिसला. मी अकरा वर्षांची होते. दुपारी शेडखाली कुणी नव्हतं. ‘सभेले’ हा शब्द मला कितीतरी दिवस बोचत होता. शाळेत मुली चिडवायच्या, तुमच्या गाडीवर अशुद्ध लिहिलंय. मी लच्या डोक्यावरची मात्रा पांढऱ्या रंगानं झाकली आणि बाजूला काळा काना उभा केला. दोन्ही दारांवर. एक रेघ पुसली, एक रेघ ओढली. मला फार अभिमान वाटला होता. बाबा संध्याकाळी आले, दरवाज्यासमोर थोडा वेळ उभे राहिले आणि आत येऊन म्हणाले, "चहा आहे का?"

निघताना काकांनी डब्यातून एक ब्रश काढून दिला. खारीच्या शेपटीच्या केसांचा, टोकाला जेमतेम पाच-सहा केस. "मातरेसाठी हाच पायजे," ते म्हणाले. "तुह्या ब्रशानं खांब होईन."

घरी आले तेव्हा बाबा ओसरीवर पेपर वाचत होते आणि आई सूप घेऊन तांदळातले खडे निवडत होती. मी खोका खाली ठेवला.

"बाबा, मात्रा होती. सांगतलं काहून नाही तुमी? तेव्हा बी नाही अन् आता बी नाही."

बाबांनी पेपर घडी केला. "काय सांगू? शुद्ध लिव म्हनून मीच तं शिकवलं तुले. तू शुद्ध केलं. तुले कोनत्या तोंडानं बोलू?"

"मंग दारावर ‘ले’ काहून लिहून घेतला?"

"पत्रक साहेबाच्या टेबलावर जाते. तिथं कोनी हसलं नाही पायजे. दार साहेबासाठी नोतं ना, पोरी. धानाचा रोवना करता करता जे मान वर करन, तिच्यासाठी होतं. तिले तिच्याच बोलीत हाक पायजे."

मी काही बोलणार होते. बहुधा काही तरी मोठं, भाषेच्या राजकारणाबद्दल. मला ते मुद्दे येतात. पण आईनं सूप खाली ठेवलं.

"तेच पहिलं वाचलं होतं मी," ती म्हणाली.

"काय?"

"दारावरचं. विहारात तवा संध्याकाळी बायांचा वर्ग चालत होता. अक्षर अक्षर येत होतं मले, पन पुस्तकातलं जुळत नोतं. कमळ पाहा म्हने, छगन पाहा म्हने. कायचं कमळ अन् कायचा छगन. अन् एक दिवस पानी भरता भरता गाडीच्या दाराकडे पाहिलं तं आपोआपच जुळलं. स, भे, ले. सभेले या. मी घागर ठेवली अन् परत वाचलं. परत तेच आलं."

ती आमच्याकडे पाहत नव्हती. सुपातला एक खडा उचलून तिनं बाजूला टाकला.

"मंग काही दिवसानं पाहिलं तं ले नाही. ला. मले वाटलं, मीच चुकीचं वाचत होती इतले दिवस. मीच आपल्या मनानं जुळवलं. तवापासून म्हटलं, जाऊ दे. आपल्याच्यानं होत नाही हे."

"तू वर्ग त्याच्यामुळं सोडला?"

"कामं बी होती," आई म्हणाली. तिला मला दुखवायचं नव्हतं.

तांदळाच्या कोठीवरचं ते पत्रक मला आठवलं. घरातील श्रमाचे काय. ज्या बाईसाठी लिहिलं तिनं ते मला वाचून दाखवायला सांगितलं होतं, आणि मी तिचे पिठाचे हात पाहिले होते. आजवर मी अनेक प्रकारच्या सत्तेविरुद्ध लिहिलं आहे. हातात रंगाचा डबा असलेली अकरा वर्षांची मुलगीही सत्ता असू शकते, हे मला कुठल्या पत्रकात सापडलं नव्हतं.

बाबांनी आईकडे पाहून इतकंच म्हटलं, "मले माहीत होतं ते. म्हनूनच..." आणि ते थांबले. म्हणजे गाडी शेडखाली कशासाठी उभी होती, तेही मला त्याच दिवशी कळलं. तिच्या दारावर, माझ्या रंगाच्या एका पापुद्र्याखाली, ती मात्रा अजून होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौरंग उन्हात घेतला. जुन्या तांदळाचा रंग थोडा शिल्लक होता. आधी दोन्ही दारांवरचा काना झाकला. वाळेपर्यंत दुसरं काही केलं नाही, नुसती बसून राहिले. मग काकांचा ब्रश काळ्यात बुडवून टोक कागदावर जवळजवळ कोरडं केलं. एवढ्या लहान अक्षरावरची मात्रा तांदळाच्या कणीच्याही चतकोर असते. हात टेकवायला खाली दोन पुस्तकं ठेवली आणि लच्या डोक्यावर एक रेघ टेकवली. मग गाडी फिरवून दुसरी. झाकलेला काना उन्हात तिरपं पाहिलं की अजून किंचित उठून दिसत होता. तो मी घासून काढला नाही.

मी गाडी बाबांकडे नेली. त्यांनी हात पुढं केला नाही. मानेनंच आईकडे दाखवलं.

आई पदराला हात पुसत आली. गाडी अशी धरली जशी अंडी धरतात. दरवाजा उजेडाकडे केला, लांब धरला, जवळ आणला. तिचे ओठ हलले.

"स... भे..." ती थांबली. "ले." मग पटकन, जिंकल्यासारखं, "या!"

"ओळखली?" बाबांनी विचारलं.

"ओळखली ना. न ओळखाले काय झालं? मातरा जराशी वाकडी आहे, पन ओळखली."

बाबांच्या खिशातच पेन होता. इतके दिवस न सापडणारा. त्यांनी ओट्यावर कागद ठेवून सही केली. मी अध्यक्षबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, उद्या दुपारी येते, जागा रिकामी दिसली पाहिजे.

भंगारवाल्याची गाडी सकाळी लवकर येणार होती. आई तिच्याआधी उठून शेडखाली उभी. मला म्हणाली, "लहानीचं झालं. मोठीचं राहिलं ना."

"आई, भंगारात चालली ते."

"तं काय चुकीची जाईन?"

मी रंग आणला. एका दारावरचं मी करणार, एक तिनं करायचं असं ठरलं. काना आधी मीच झाकला. मग मी ब्रश तिच्या हातात दिला. तिनं तो पळीसारखा धरला. मी धरायची रीत दाखवायला गेले आणि हात मागं घेतला. तिनं लच्या डोक्यावर जाड, वाकडी, खालून वर जाणारी एक रेघ ओढली. रंगाचा एक ओघळ खाली आला.

"झालं," ती म्हणाली.

भंगारवाल्याची माणसं आली आणि गाडीच्या पाठीला साखळी बांधू लागली. बाबा तोवर आतच होते. ते बाहेर आले. "तोंडाकडून न्या. मागं मागं कायले ओढता? तोंड पुढं पायजे." माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. भंगारच तर न्यायचं होतं. पण बाबा हटले नाहीत, आणि मग जमिनीत बसलेले टायर फळ्या घालून काढण्यात, गाडी वळवण्यात अर्धा तास गेला. आई पुटपुटत होती, "आता अध्यक्षीन येईन अन् पाहीन." पण फळी धरायला तीच वाकली होती.

गाडी तोंड पुढं करून रस्त्याला लागली. उन्हात ती अगदी बरोबर जुन्या तांदळाची दिसत होती. निळं दार, दबलेला बंपर आणि दोन्ही बाजूंना ओली मात्रा. समोरून धान कापायला निघालेल्या दोन बाया येत होत्या. त्यांनी बाजूला होत गाडीकडे पाहिलं. त्यातली एक जण चालता चालता दार वाचत मागं वळली आणि आमच्या शेडसमोर येऊन आईला म्हणाली, "काहून वं, सभा कुठी आहे?"

आईच्या हातात अजून ब्रश होता. तिनं रिकाम्या शेडकडे पाहिलं, टायरांनी पाडलेल्या चार खळग्यांकडे.

"इथंच," ती म्हणाली. "चक्की येऊन राहिली. दळन घेऊन ये."